टाकणखार

मनामाच्या सोनेबाजारामागे, तिसऱ्या मजल्यावर,
एसीचं पाणी डब्यात ठिबकतं
आणि झाडलेला केर कुणी फेकत नाही
(केरातही सोनं असतं, महिन्याने जाळतात),
तिथे माझी बैठक.
डावीकडे निमाई कर्मकार, हुगळीचा.
समोर हाजी मक्की. वय विचारलं
की नुसती बोटं दाखवतो, नखं जळालेली.

पहिल्या दिवशी म्हणाला, ‘तिनकार दे.’
मला वाटलं चिमटा. चिमटा दिला.
मग फुंकणी दिली. मग पाण्याचा वाडगा.
शेवटी त्यानेच हात लांबवून
माझ्या पुढ्यातली पांढरी डबी उचलली.

अरे, टाकणखार!
राजापुरात बाबांच्या कोनाड्यातला,
ऐरणीहून उंच ठेवलेला, ओल लागू नये म्हणून.
‘आमच्यात सोहागा,’ निमाई म्हणाला.
आई तर सवागी म्हणायची. तव्यावर खडा
आधी रडायचा, मग फुलायचा,
ती लाही मधात खलून
तोंड आलं की जिभेवर फिरवायची.

अर्थ मी लहानपणीच लावून ठेवला होता :
टाकायचा तो टाकणखार.
बाबा चिमूटभर टाकत, सोनं लाल होई,
खार काचेसारखा पसरे
आणि त्याच्याखालून रेण पाण्यासारखं
फटीत धावत जाई. सांधा बसला
की आंबट पाण्यात उकळून
त्याचा मागमूस काढून टाकत.
टाकायचा, मग टाकून द्यायचा.
गिऱ्हाइकाच्या हिशेबात
त्याची गुंजही कधी धरली नाही.

हाजी मक्की म्हणे, शब्द तुमचा.
त्याच्या आजाला गलबतवाले आणून देत,
नाव आणि माल एकाच गोणीत.
मी म्हटलं, छे, तिनकार म्हणजे अरबीच.
खालचा घड्याळवाला शिराजी जिना चढून आला
फक्त हे सांगायला, की फार्सी.
चहाची पैज लागली.

शुक्रवारी ओगले मास्तरांना फोन केला.
मास्तरांना कमी ऐकू येतं, म्हणून ते ओरडतात :
‘टाकणे नव्हे रे, टंकण! टंकण!
हिमालयापलीकडे तळी आटतात, त्यांच्या काठचा खार.
मेंढ्यांच्या पाठीवर, एवढ्याएवढ्या पिशव्यांतून
खिंडी उतरून यायचा.
पोथ्यांत टंकण म्हणून लोकच आहेत तिकडचे.
कुणी म्हणतं, आणणाऱ्यांचंच नाव मालाला पडलं.
खात्री नाही हो. खात्री कोण देणार?
ते लोक कुठे आहेत आता विचारायला?’
आणि कार्ड संपलं.

मेंढी टंकणांची, गोणी वाण्याची, गलबत खारव्याचं.
एकेका हातात एकेक अक्षर झिजत
शब्द या बंदरात उतरला, आणि राहिला.
मीही आलो, पंधरा वर्षं झाली.
बाबांनी बांधून दिलेली पुडी
कस्टमवाल्याने उघडून हुंगली होती.
‘हे काय?’
मी तोंड उघडून जीभ दाखवली : औषध.
एक शब्द बोललो असतो
तर कदाचित त्याला ओळखीचा निघाला असता.
बाबांनाही मी कधी विचारलं नाही,
आणि आता तिकडेही
विचारायला कुणी नाही.

परवा लेसरचं यंत्र आलं.
निळी ठिणगी, सांधा तयार. रेण नको, खार नको.
मालक म्हणाला, डब्या आवरा.
निमाईने आवरल्या. मी आवरतोय, आवरतोय.

इतक्यात हाजी मक्कीने कुणाचं तरी
जुनं, चिरलेलं कडं विस्तवावर धरलं.
‘तिनकार दे.’
आता मला फुंकणी, वाडगा काही आठवलं नाही.
खडा रडला. फुलला. पसरला.
मी सांगत होतो त्याला, मेंढ्या, खिंडी, टंकण,
माझ्या मोडक्या अरबीत मेंढीला शब्द सापडेना
म्हणून बें बें करून दाखवलं.
तो हसला नाही. फुंकणी तोंडात होती.

चहाचे पैसे शेवटी शिराजीने दिले,
आणि अजूनही म्हणतो, फार्सीच.